पॅरिस २००३, महिलांची लांब उडी: अंजू बॉबी जॉर्जच्या पाचव्या उडीबद्दल

रानवारा

३० ऑगस्ट २००३. पॅरिसला लागून असलेल्या सां-देनीमधलं स्ताद द फ्रान्स, जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा, महिलांच्या लांब उडीची अंतिम फेरी. युनिस बार्बर (फ्रान्स) ६.९९ मीटर, तात्याना कोतोव्हा (रशिया) ६.७४, अंजू बॉबी जॉर्ज (भारत) ६.७०.

जागतिक स्पर्धेतलं भारताचं हे पहिलं पदक. दुसरं यायला २०२२ उजाडलं, यूजीनमध्ये नीरज चोप्राने भालाफेकीत रौप्य मिळवलं तेव्हा. मधल्या आठही जागतिक स्पर्धा आपल्यासाठी कोरड्या गेल्या. नीरजच्या पदकानंतर जे रकानेच्या रकाने भरून आले, त्यात अंजूचं नाव 'याआधी फक्त' एवढं म्हणून संपत होतं. मला ते फार लागलं. ते कांस्य कसं आलं हे आपल्याकडे कुणी नीट सांगितलेलंच नाही, म्हणून हा धागा.

अंतिम फेरीत बारा जणी असतात. तेव्हा प्रत्येकीला तीन उड्या मिळत, मग पहिल्या आठ जणींना आणखी तीन. सगळ्यांत लांब उडी धरली जाते. अंजूने पहिल्याच प्रयत्नात ६.६१ मारली आणि आघाडी घेतली. पुढे बाकीच्या जणी तिला मागे टाकत गेल्या आणि ती चौथ्या क्रमांकावर घसरली. पाचव्या प्रयत्नात ६.७०. त्या नऊ सेंटीमीटरनी ती पुन्हा पदकाच्या जागेवर आली आणि तिथेच राहिली.

आता 'चौथा क्रमांक' म्हटलं की भारतीय मैदानी खेळात काय आठवतं? रोम १९६०, मिल्खा सिंग. लॉस एंजेलिस १९८४, पी. टी. उषा, सेकंदाच्या शंभराव्या भागाने. शर्यतीत निकाल एकदाच लागतो. धावणाऱ्याला आपण चौथे आहोत हे रेषा ओलांडल्यावर कळतं. लांब उडीत ते आधीच कळतं. फलकावर लिहिलेलं असतं, सगळं मैदान ते वाचत असतं, आणि तुम्हाला ट्रॅकसूट अंगावर चढवून आपली पाळी येईपर्यंत बसून राहायचं असतं. मग उठून पुन्हा त्याच खुणेवर उभं राहायचं. जास्त जोर लावला तर फाऊल, जपून धावलं तर उडी तोकडी. अंजूने हे जमवलं. आपल्या मैदानी खेळांच्या इतिहासात माझ्या मते हा फार मोठा क्षण आहे, पदकाच्या रंगापेक्षा मोठा.

ती मूळची कोट्टायम जिल्ह्यातल्या चंगनाशेरीजवळची. कोरुतोडच्या शाळेत के. पी. थॉमस मास्तरांच्या हाताखाली घडली, सुरुवात हेप्टाथलॉनने, म्हणजे सात मैदानी प्रकारांच्या एकत्र स्पर्धेने. (बार्बरही मूळची हेप्टाथलॉनवाली, १९९९ ची जगज्जेती. पॅरिसमध्ये लांब उडीच्या आधी तिने हेप्टाथलॉनचं रौप्य मिळवलं होतं. दोन्ही जणींना सात खेळांची घडण लाभली होती.) २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ६.४९ ला कांस्य, बुसानच्या आशियाई स्पर्धेत ६.५३ ला सुवर्ण. प्रशिक्षक म्हणजे तिचे पती रॉबर्ट बॉबी जॉर्ज, स्वतः तिहेरी उडीतले राष्ट्रीय विजेते. पॅरिसच्या आधी काही काळ ती अमेरिकेत माईक पॉवेलकडे शिकली. तोच पॉवेल, ज्याचा पुरुषांच्या लांब उडीतला १९९१ चा ८.९५ चा विश्वविक्रम अजून उभा आहे.

तुमचं काय मत? ज्यांनी स्वतः उड्या मारल्यात किंवा शिकवल्यात त्यांनी जरूर लिहा.


मध्यमा

धागा आवडला. पण एक मुद्दा मांडते, राग मानू नका.

२००३ चं मैदान तुलनेने मोकळं होतं. अमेरिकेची मॅरियन जोन्स बाळंतपणामुळे नव्हती. ब्राझीलची मॉरेन मॅगी त्याच वर्षी उत्तेजक चाचणीत सापडून बाहेर गेली. पुढच्याच वर्षी अथेन्सला अंजू ६.८३ गेली, म्हणजे पॅरिसपेक्षा तेरा सेंटीमीटर जास्त, तरी सहावी आली. तिथे कांस्य ७.०५ ला गेलं. मग अंजूची सर्वोत्तम कामगिरी पॅरिस की अथेन्स? मी अथेन्स म्हणेन. राष्ट्रीय विक्रमही तोच.


कोयनाकाठ

मी सातारा जिल्ह्यात क्रीडाशिक्षक होतो, आता निवृत्त आहे. मध्यमाताईंचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लांब उडीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, तुमच्या शरीराची ताकद किती. दुसरी, ती ताकद ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला, वीस सेंटीमीटर रुंदीच्या फळीवर उतरवता येते का. पहिलीचं उत्तर अथेन्सचं ६.८३ आहे. दुसरीचं उत्तर पॅरिस आहे.

फळीचं थोडं सांगतो, कारण टीव्हीवर हे दिसत नाही. महिला खेळाडू साधारण चाळीस मीटरची धाव घेतात, अठरा-वीस पावलं. फळीशी पोचताना वेग सेकंदाला नऊ मीटरच्या वर असतो. त्या वेगात पाय फळीवर पडायला हवा, आणि उडीच्या रेषेच्या पुढे बुटाचं टोकही जाता कामा नये. पूर्वी रेषेपलीकडे प्लॅस्टिसिनची पट्टी असायची, तिच्यावर ठसा उमटला की पंच लाल झेंडा वर करायचे. आता मोठ्या स्पर्धांत कॅमेरा पाहतो. आणि मोजणी होते ती रेषेपासून, पाय जिथून उचलला तिथून नाही. म्हणजे तुम्ही दहा सेंटीमीटर अलीकडून उडालात तर ते दहा सेंटीमीटर गेले. पॅरिसमध्ये रौप्य आणि कांस्य यांच्यात चार सेंटीमीटरचं अंतर होतं, हे लक्षात घ्या.

शेवटची तीन पावलं सगळ्यांत अवघड. शेवटून दुसरं पाऊल थोडं लांब पडतं, कंबर जराशी खाली जाते, आणि शेवटचं पाऊल आखूड, झटक्यात. त्यातून वेग न घालवता शरीर वर उचललं जातं. पोरं इथेच चुकतात: फळी दिसली की डोळे खाली जातात, पावलं बारीक होतात, वेग मरतो. खेळाडू दमलेला असला, मन धास्तावलेलं असलं की धावेची लय पहिल्यांदा बिघडते. पाचव्या उडीला दोन्ही गोष्टी असतात. तेव्हाही तिची लय टिकली, म्हणून मी त्या ६.७० ला इतका मान देतो.

आणि हे दर वेळी जमत नाही, तिलाही जमलं नाही. २००८ ला बीजिंगमध्ये पात्रता फेरीत तिन्ही उड्या फाऊल गेल्या. तीच खेळाडू, तीच धाव. हा खेळ इतका निर्दय आहे.

मैदान मोकळं होतं म्हणाल तर, पदक हजर असलेल्यांतूनच मिळतं. बाकीच्या जणींनाही तेच मोकळं मैदान होतं.


मध्यमा

@कोयनाकाठ, सर, फळीचा भाग वाचून माझं मत थोडं हललं. 'अथेन्स ताकदीचं, पॅरिस कसबाचं' ही मांडणी पटते. तरी कुणी एकच उडी निवडायला सांगितली तर मी ६.८३ च निवडेन. वीस वर्षांहून जास्त काळ त्या आकड्यापर्यंत एकही भारतीय मुलगी पोचली नाही, यातच सगळं आलं.


सुरपारंबी

वाऱ्याचा काय नियम असतो? कधी कधी आकड्यापुढे वेगळी खूण दिसते.


कोयनाकाठ

पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपर्यंत चालतो. त्यापेक्षा जास्त असेल तर उडी स्पर्धेसाठी धरतात, पदकही मिळतं, पण विक्रम म्हणून नोंद होत नाही. खेळाडू फळीपासून ४० मीटरवरची खूण ओलांडते तेव्हापासून पाच सेकंद वारा मोजतात.


कोरडवाहू

अथेन्सचा विषय निघालाच आहे तर त्यातली जखमही सांगायला हवी.

अथेन्सला पहिल्या तिघी रशियाच्या: लेबेदेवा ७.०७, सिमागिना ७.०५, कोतोव्हा ७.०५. पाचवी मॅरियन जोन्स, ६.८५. पुढे जोन्सने उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली, २००७ मध्ये तिचा निकाल रद्द झाला आणि अंजू पाचवी ठरली.

मग २००५, हेलसिंकीची जागतिक स्पर्धा. कोतोव्हाला तिथे रौप्य होतं. साठवून ठेवलेले नमुने कित्येक वर्षांनी पुन्हा तपासले, ती दोषी निघाली, हे जाहीर झालं २०१३ मध्ये. तिचे त्या तारखेपासूनचे दोन वर्षांचे निकाल पुसले गेले. अंजू हेलसिंकीत ६.६६ वर पाचवी होती, ती चौथी झाली. आणि त्याच वर्षीच्या मोनॅकोमधल्या वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स फायनलमध्ये कोतोव्हा पहिली, अंजू ६.७५ वर दुसरी होती. तिथलं सुवर्ण अंजूच्या नावावर आलं. उडी २००५ ची, सुवर्ण २०१४ मध्ये. तोवर तिची कारकीर्द संपलेली होती.

विचार करा. त्या दिवशी मोनॅकोत विजेती म्हणून दुसरीचंच नाव पुकारलं गेलं. तो क्षण कुणी परत करू शकत नाही. पुरस्कर्ते, बक्षिसाची रक्कम, पुढच्या वर्षीच्या सरावासाठी मिळणारी मदत, हे सगळं त्या त्या दिवशीच्या क्रमांकावर ठरतं. नऊ वर्षांनी यादी दुरुस्त झाल्याने त्यातलं काय भरून येतं?

म्हणून माझ्या मते अथेन्सचं कांस्यसुद्धा खरं तर तिचंच होतं.


रानवारा

@कोरडवाहू, तुमची तळमळ कळते आणि मोनॅकोबद्दल शब्दन्‌शब्द मान्य. पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. अथेन्सच्या तिघींची पदकं आजही कायम आहेत. लेबेदेवाचं रौप्य गेलं ते बीजिंग २००८ चं, कोतोव्हाचं गेलं ते हेलसिंकीचं. एका स्पर्धेत कुणी दोषी ठरलं म्हणून दुसरीचा निकाल आपण इथे बसून बदलायचा, हे बरोबर नाही. शिवाय अंजूच्या पुढे ऑस्ट्रेलियाची ब्रॉनविन थॉम्पसन होती, ६.९६. वरच्या तिघी वगळल्या तरी अंजूच्या आधी तिचा विचार करावा लागेल.

पॅरिसमध्येही कोतोव्हाचं रौप्य कायमच आहे. अंजूचं कांस्य मोठं ठरवायला कुणाला खाली ओढायची गरजच नाही.


कोरडवाहू

थॉम्पसनचा मुद्दा मान्य, वरच्या तिघी गेल्या तर अंजू दुसरी येते. संशय आणि पुरावा वेगळे, हेही मान्य. पण ज्या खेळाडूने दोन वेळा, जोन्स आणि कोतोव्हा, स्वतःच्या बाबतीत हे घडलेलं पाहिलं, तिला अथेन्सबद्दल शंका आली तर तिला दोष देता येणार नाही. तिने ती जाहीरपणे बोलूनही दाखवली आहे.


नेकारकाठची

मी जर्मनीत हायडेलबर्गजवळ राहते. आमच्या भागातल्या लांब उडीपटू मलायका मिहाम्बोमुळे मला हा खेळ कळायला लागला, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

'चौथ्या क्रमांकावर असताना पाचवी उडी' हा रानवारांचा मुद्दा वाचला आणि दोहा २०१९ आठवलं. जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी. मिहाम्बोची पहिली उडी ६.५२, दुसरी फाऊल. तिसरीही बिघडली असती तर पहिल्या आठांत जागा मिळायचीही खात्री नव्हती. तिसरी उडी: ७.३०. दुसरी आलेली युक्रेनची मारिना बेख-रोमान्चुक ६.९२ वर होती, म्हणजे अडतीस सेंटीमीटर मागे. दोन वर्षांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये तर शेवटच्या, सहाव्या उडीत ७.०० मारून तिने सुवर्ण घेतलं. अमेरिकेची ब्रिटनी रीस आणि नायजेरियाची एसे ब्रुमे दोघी ६.९७ वर होत्या. आणि २०२२ ला यूजीनमध्ये पहिल्या दोन्ही उड्या फाऊल गेल्या होत्या, तिथेही शेवटी ७.१२ ने जिंकली.

या तिन्ही स्पर्धांची जर्मन टीव्हीवर अजून चर्चा होते: तिने त्या वेळी काय विचार केला, धावेची खूण किती मागे घेतली. आपल्याकडे पॅरिसच्या त्या पाचव्या उडीबद्दल असं कुणी अंजूला नीट बसून विचारलंय का? विचारायला हवं.

अजून एक. मिहाम्बो मोठी झाली ती घराजवळच्या भागातल्या साध्या क्लबमध्ये, आणि जगज्जेती झाल्यावरही त्याच भागातल्या क्लबकडून खेळते. इथे संध्याकाळी क्लबच्या मैदानावर आठ-नऊ वर्षांची मुलं उड्या मारत असतात. खड्ड्यातली वाळू मोकळी केलेली असते. त्यांच्यातल्या कुणालाही पदक मिळालं नाही तरी खड्डा तयार असतो.


कोयनाकाठ

नेकारकाठची ताईंचं शेवटचं वाचून लिहितो. आमच्याकडे तालुका स्पर्धेच्या आदल्या दिवशी वाळूची ट्रॉली यायची. वर्षभर खड्ड्यात गवत. फळी नाहीच, फक्कीची रेघ मारायची आणि तिच्यावरून पोरं उडायची. फळीवरून उडणं आणि रेघेवरून उडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जिल्ह्याला पहिल्यांदा खरी फळी दिसायची, पोरगी बिचकायची, तीन फाऊल, घरी परत. उड्या चांगल्या मारणाऱ्या कितीतरी मुली अशा गेल्या. मला त्याचं आजही वाईट वाटतं.


सुरपारंबी

महाराष्ट्रातून लांब उडीत जागतिक पातळीवर कुणी का नाही, याचं उत्तर बहुतेक सरांनी देऊनच टाकलं. आपल्याकडची मोठी नावं पाहा: कविता राऊत, ललिता बाबर, अविनाश साबळे. सगळी लांब पल्ल्याची. त्यासाठी रस्ता आणि डोंगर पुरतो. उडीसाठी फळी, खड्डा आणि रोज पाहणारा माणूस लागतो. नाशिक जिल्ह्यातल्या सर्वेश कुशारेने उंच उडीत दाखवून दिलंय की उड्यांतही होऊ शकतं, २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठली त्याने. पण असा एखादाच.


ओवी_

एका गोष्टीचा उल्लेख अजून आला नाही. २०२० मध्ये अंजूने स्वतः जाहीर केलं की तिला जन्मापासून एकच मूत्रपिंड आहे. वेदनाशामक गोळ्यांचीही तिला अ‍ॅलर्जी होती असं तिनेच लिहिलं. म्हणजे दुखापत झाली की बाकीच्यांना जो उपाय सहज असतो तो हिला नव्हता. कारकीर्द चालू असताना तिने हे कधीच पुढे केलं नाही.

शिवाय शैली सिंगचं लिहायला हवं. झाशीची मुलगी, आईने शिवणकाम करून वाढवलेली. बॉबी जॉर्ज आणि अंजू यांनी तिला बंगळुरूच्या आपल्या अकादमीत आणलं. २०२१ ला नैरोबीत वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ती ६.५९ गेली, स्वीडनची माया ऑस्काग ६.६०. एका सेंटीमीटरने सुवर्ण हुकलं तेव्हा शैली सतरा वर्षांची होती. २०२३ मध्ये तिने ६.७६ मारली. अंजूच्या विक्रमापासून सात सेंटीमीटर. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत केरळच्या अ‍ॅन्सी सोजनने ६.६३ मारून रौप्य घेतलं. म्हणजे मुली आहेत, जवळ आल्यात.


रानवारा

@ओवी_, बरं झालं लिहिलंत. ज्या बाईचा विक्रम आहे तीच तो मोडायला मुली तयार करतेय, हे मला या सगळ्या गोष्टीतलं फार सुंदर वाटतं.

@नेकारकाठची, तुमच्या प्रश्नाने मलाही विचारात पाडलं. आपण पदकाचा आकडा पाठ करतो, उडी कशी झाली ते विचारत नाही.


अनुराधा_पुणे

सगळा धागा वाचला. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, शाळेच्या स्पर्धेत लांब उडीत पहिली आली. घराजवळ खड्डा आहे, फळी नाही. कोयनाकाठ सर, तिने घरच्या घरी काय करावं? आणि तिला आत्ताच फक्त लांब उडीला लावावं का?


कोयनाकाठ

@अनुराधा_पुणे, अभिनंदन लेकीचं.

फक्त लांब उडीला लावू नका. या वयात तिला धावू द्या, अडथळ्यांवरून जाऊ द्या, उंच उडी मारू द्या, चेंडू फेकू द्या. वर लिहिलंच आहे, अंजू आणि बार्बर दोघीही हेप्टाथलॉनमधून आल्या. सोळाव्या वर्षापर्यंत कसली घाई नाही.

आत्ता दोनच गोष्टी करा. पहिली, धाव. पूर्ण धाव नको, आठ-दहा पावलांची. खड्ड्यापासून मीटरभर अलीकडे जमिनीवर वीस सेंटीमीटर रुंद पट्टा फक्कीने आखा, रेघ नको, पट्टा. तिथे खड्ड्याकडे पाठ करून उभं करा आणि धावमार्गावर उलट दिशेने नेहमीच्या जोराने आठ पावलं धावायला सांगा. आठवं पाऊल पडेल तिथे खूण करा. ती तिची सुरुवातीची खूण. मग तिथून पट्ट्याकडे धावताना पाय कुठे पडतो ते तुम्ही बाजूला उभं राहून पाहा. पुढे पडला तर खूण तेवढीच मागे, अलीकडे पडला तर पुढे. तिला स्वतःला खाली पाहू देऊ नका, नजर समोर, खड्ड्याच्या पलीकडे.

दुसरी, वाळू. दर उडीआधी फावड्याने खोदून मोकळी करा, वरवर सारखी करून चालत नाही. कडक वाळूत टाच आणि गुडघा दुखावतो, आणि एकदा भीती बसली की मूल पाय पुढे टाकत नाही. खड्ड्यात काच, खिळे नाहीत ना ते आधी हाताने पाहा.

आठवड्यातून दोन दिवस पुरे. एका दिवशी दहा-बारा उड्यांपेक्षा जास्त नको. टाच दुखते म्हणाली तर त्या दिवशी थांबवा.


अनुराधा_पुणे

खूप आभार सर. फक्की आणि फावडं उद्याच आणते. पट्टा आखून झाला की पहिल्या खुणेचं माप इथे लिहीन, बरोबर आहे का सांगा.